पातेसाहेब

पातेसाहेबांचा उजवा हात चारचौघांसारखा केसाळ आहे. डावा मात्र मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत. नवीन माणसाला वाटतं, भाजलं असेल, नाहीतर कातडीचा काही आजार असेल. पण विचारायची सोय नाही. विचारलं की पातेसाहेब शांतपणे एक सुरी काढतात, शर्टाची बाही मागे सारतात आणि डाव्या हातावर उरलेसुरले चार केस शोधू लागतात. धार आली की नाही हे पाहायची जगभरच्या हौशी लोकांची हीच रीत आहे. पातं हातावरून अलगद फिरवायचं, केस साफ निघाले तर धार पास. अडचण एवढीच की पातेसाहेबांच्या सुऱ्या तयार होण्याचा वेग केस उगवण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे. मग ते समोरच्याच्या हाताकडे बघतात. पाहुणे साधारण याच वेळी उठतात.

पातेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव अगदी साधं आहे, पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी हे चिकटवलं आणि असं बसलं की हल्ली कुरिअरवालाही खालून 'पातेसाहेब, पार्सल!' म्हणून हाक मारतो. त्यांना राग येत नाही. उलट ते खूश असतात. टूलरूममध्ये इतकी वर्षं नुसतं 'साहेब' म्हणवून घेतलं, त्याला आता कुठे पातं बसलं, असं त्यांचं म्हणणं.

राहायला औरंगाबादच्या क्रांती चौकात. जालना रोडवरचा उड्डाणपूल, फेब्रुवारी 2022 मध्ये अनावरण झालेला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा, शहरातले झाडून सगळे मोर्चे, उपोषणं आणि विजयाचे गुलाल, सगळं याच चौकात. 1857 मध्ये इथल्या हैदराबाद कंटिंजंटचे घोडेस्वार उठले, त्यांतल्या काहींना जिथे देहदंड दिला तो काळा चबुतराही इथलाच. पलीकडे सिल्लेखाना, म्हणजे जुन्या काळचं शस्त्रागार. एवढा शौर्याचा शेजार असताना माणसाने नुसतं पेन्शनच्या पासबुकात नोंदी करून आणायच्या, हे पातेसाहेबांना पटत नाही.

माणूस मूळचा वाळूजचा. म्हणजे नोकरीने. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेडची रांग लागली. त्यातल्या एका ठिकाणी डाय आणि पंच बनवण्यात यांची हयात गेली. सोळा मिलिमीटरचं भोक सोळाच मिलिमीटरचं पडावं, यापलीकडे जगाकडून त्यांची फारशी अपेक्षा नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळांचे वॉशर बदलले, स्पिरिट लेव्हल लावून देव्हारा सरळ केला. घर संपलं. मग एका रात्री यूट्यूबवर त्यांना एक दाढीवाला अमेरिकन दिसला. तो ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून शिकारीची सुरी बनवत होता. त्या रात्री पातेसाहेबांना झोप आली नाही. सोसायटीला त्यानंतर आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना जो शोध लागला तो त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा आहे. टूलरूममध्ये ओएचएनएस नावाचं पोलाद असतं, तेलात विझवून कडक करायचं. डाय बनवायला, गेज बनवायला तेच. अमेरिकेतले सुरीवाले ज्याला 'ओ-वन' म्हणून डोक्यावर घेतात ते हेच. "अहो, ज्या तुकड्यांवर मी वीस वर्षं चहाचा कप ठेवला, त्यांच्यासाठी तिकडची माणसं डॉलर मोजतात!" हे वाक्य ते एवढ्या कळवळून म्हणतात की ऐकणाऱ्याला आपणही आयुष्यभर कशाकशावर कप ठेवले ते आठवू लागतं.

रविवारी पातेसाहेब जाफरगेटच्या बाजारात असतात. जुन्या कानशी, बेअरिंगच्या रिंगा, कमानीचे पाटे, पॉवर हॅकसॉची पाती. भंगारवाल्यासमोर उकिडवं बसून ते प्रत्येक तुकड्यावर खिशातली छोटी कानस घासून पाहतात. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ. बाकीची गिऱ्हाईकं वजनावर भाव करतात, हे कार्बनवर. परिणाम असा, की हे दुरून दिसले की भंगाराचा भाव चढतो.

"साब, ये असली जर्मन कानस है."

"चाचा, इसपे तो 'मेड इन इंडिया' लिखा है."

"हौ साब, लिखने कू क्या लगता."

आणि पातेसाहेब घेतात. खोटी जर्मन निघाली तरी कानस खरीच असते, असा त्यांचा हिशेब.

कारखाना गच्चीवर. विटांची भट्टी, तंदुरीवाल्याकडून आणलेला कोळसा, आणि भात्याच्या जागी मुलीचा हेअर ड्रायर. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आहे. तो कुठून आला हे विचारलं की ते विषय बदलतात. सांडशी मात्र अस्सल, एका घिसाड्याकडून घेतलेली. हे लोक अजून गावोगाव पाल ठोकून कोयते, खुरपी, विळे करून देतात. रस्त्याच्या कडेला असं पाल दिसलं की पातेसाहेब स्कूटर थांबवतात आणि त्या माणसाला त्याचाच धंदा समजावून सांगू लागतात. मार्टेनसाइट म्हणजे काय, टेम्परिंग दोनदा का करायचं. तो बिचारा घण खाली ठेवून ऐकतो, कारण साहेब काहीतरी घेतील अशी आशा असते. साहेब सांडशी घेतात.

तांबड्या उजेडातलं काम बघायचं असेल तर संध्याकाळी दिवेलागणीला गच्चीवर जावं. उन्हात पोलादाचा रंग कळत नाही, म्हणून ही वेळ. पातं भट्टीत हळूहळू रंग बदलतं: काळसर तांबडं, मग चेरीसारखं, मग नारिंगीकडे झुकणारं. आता ते नेमकं किती तापलं हे नुसत्या डोळ्याला सांगता येत नाही. पण पोलाद साधारण 770 अंश सेल्सिअसला पोचलं की चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून थोडंसं वर नेलं, 800च्या आसपास, की ओएचएनएस विझवायला तयार. म्हणून पातेसाहेब लांब तारेला चुंबक बांधून पात्याला लावून पाहतात. पहिलं चुंबक फ्रिजवरचं होतं, महाबळेश्वरहून आणलेली प्लास्टिकची स्ट्रॉबेरी. ती पात्याला चिकटली नाही म्हणून ते आनंदाने ओरडले. पातं मग तेलात गेलं, पण तोवर स्ट्रॉबेरी भट्टीत गेली होती. तिचा वास दोन दिवस जिन्यात होता.

विझवायचं ते तेलातच. जुना लोहार पात्याला पाणी देतो. आमच्याकडे धारेला 'पाणी' असतं ते त्यामुळेच. पण पातेसाहेब पाण्याचं नाव काढत नाहीत. शास्त्रीय कारण असं, की हे पोलाद तेलासाठीच बनवलेलं आहे, पाण्यात घातलं तर तडकतं. व्यावहारिक कारण बायकोने सांगून ठेवलं आहे. ज्या शहरात जायकवाडीचं पाणी घरच्या नळाला चारसहा दिवसांआड येतं, तिथे बादलीभर पाणी तुमच्या लोखंडाला पाजायला मिळणार नाही. तेव्हा स्टीलच्या डब्यात तेल, आणि तेही कोमट करून, कारण थंड तेल घट्ट असतं, उष्णता लवकर ओढत नाही. पातं उभं आत जातं, 'चुर्रर्र' असा आवाज होतो, धूर निघतो, आणि ज्वाळेचा एक छोटा फुगा डब्याच्या तोंडाशी येऊन विझतो. अगदी या क्षणी पातेसाहेब जगातला सर्वांत सुखी माणूस असतो. पुढच्या क्षणी शेजारच्या काकूंचा आवाज येतो, "अहो, माझ्या कुरडया!"

मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर दोन सत्ता असतात. एकीकडे जुन्या साड्यांवर पसरलेल्या कुरडया, सांडगे, पापड, दुसरीकडे भट्टी. एकीला कडक ऊन हवं असतं, दुसरीला दिवेलागण, आणि वारा दोघींच्याही मनासारखा नसतो. एका उन्हाळ्यात काजळी बसून कुरडयांचं एक अख्खं पातळ राखाडी झालं. पातेसाहेबांनी भरपाई म्हणून काकूंना सुरी देऊ केली. काकूंनी ती घेतली नाही. त्यांना कुरडयाच हव्या होत्या, आणि त्या करायला गहू तीन दिवस भिजवावा लागतो. कुठलंही टेम्परिंग यापेक्षा सोपं आहे.

टेम्परिंगचं सांगायलाच हवं. विझवून काढलेलं पातं कडक होतं पण ठिसूळ, फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून ते पुन्हा मंद तापवायचं, साधारण 200 अंशांवर, दोन-दोन तास, दोनदा. कडकपणा थोडा उतरतो, चिवटपणा येतो, पात्यावर फिकट गवती सोनेरी रंग चढतो. घरात 200 अंश एकाच ठिकाणी मिळतात: मुलीने केकसाठी घेतलेल्या ओव्हनमध्ये. पातेसाहेब पातं साबणाने धुऊन आत ठेवतात, पण तेल कुठेतरी राहतंच. त्या घरच्या केकला एक वेगळा स्वाद असतो. आम्ही सोसायटीवाले तो वाढदिवसाला गुपचूप खातो. नात्याने नसलो तरी शेजाराने बांधलेले आहोत.

'दमास्कस' हा शब्द त्यांच्यासमोर चुकूनही काढू नये. लग्नाच्या पंगतीत काढलात तर ताटातली जिलेबी निवते. या नावाने प्रसिद्ध झालेलं पोलाद मुळात दख्खनचं, निजामाबादजवळच्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून बंद मुशीत बनून बाहेर जाणारं. मायकेल फॅरेडे, तोही लोहाराचाच मुलगा, 1820च्या सुमाराला इंग्लंडात या हिंदी पोलादाचं गुपित उकलायला बसला होता. आणि निजामाबाद काय, औरंगाबाद काय, 1948 पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात. "म्हणजे आपलंच की!" असं म्हणून ते समोरच्याच्या मांडीवर थाप मारतात. आज बाजारात जे दमास्कस म्हणून विकतं ते वेगळं, दोन जातींची पोलादं भट्टीत एकजीव करून, दुमडून, आम्लात बुडवून वर नक्षी काढलेलं. हा फरक त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितला आहे की आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. स्वतः पातेसाहेबांनीही एकदा असं पातं केलं. नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात काढलं. नक्षी सुरेख उठली. मोरीच्या फरशीवर उठलेली त्याहून सुरेख आहे आणि ती जात नाही.

मुठीत मात्र या माणसाचा खरा हात दिसतो, हे कबूल करायला हवं. शिसवीची मूठ, पितळी पिना, आणि मूठ व पातं यांच्यामधून नख सरकवून पाहा, जाणार नाही. टूलरूमची हयात इथे कामी आली. कापडाचे थर राळेत भिजवून, शिकंजात दाबून जी कठीण मूठ करतात, तीही त्यांनी घरी केली. पहिल्या मुठीसाठी वापरलेली जीन्स मुलगा अजून घालत होता, हे नंतर कळलं. आता त्यांच्या डोक्यात हिमरूची मूठ आहे. औरंगाबादचं हिमरू, त्यावरची वेलबुट्टी, ती घासली की आडव्या थरांत उमटलेली. कल्पना झकास आहे. बायकोने आपल्या लग्नातली हिमरूची शाल बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली आहे.

आता म्यान. सुरी झाली की म्यान हवंच, कारण म्यानाशिवाय सुरी म्हणजे नुसता धोका. चामडं हवं ते बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला असतं तसं. बाजारातलं रसायनात कमावलेलं मऊ चामडं आकार धरत नाही. हे चामडं कोमट पाण्यात बुडवायचं; बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं. सुरीला प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, चामड्यात घालायची आणि अंगठ्यांनी दाबत, फिरवत मुठीचा, पिनांचा, पात्याच्या पाठीचा आकार वर आणायचा. वाळलं की तो आकार तिथेच राहतो आणि सुरी आत जाताना 'टक्' असा आवाज येतो. हा 'टक्' ऐकवायला पातेसाहेब लोकांना फोन करतात. शिवणीची भोकं सारख्या अंतरावर पडावीत म्हणून ते जेवणाचा काटा वापरतात. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोघी आरपार. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. धारेच्या बाजूला आत चामड्याची एक जाड पट्टी घालावी लागते, नाहीतर सुरी आपलंच म्यान उसवते. पहिल्या म्यानात त्यांनी ती घातली नव्हती. ते म्यान लावून ते बँकेत गेले आणि रांगेत उभे असताना सुरी म्यानाच्या खालून अर्धी बाहेर आलेली सुरक्षारक्षकाने पाहिली. त्या शाखेचं नाव ते आता घेत नाहीत, दुसरीकडे खातं काढलं आहे.

चामड्याचं शिक्षण त्यांनी उड्डाणपुलाच्या सावलीत बसणाऱ्या एका चर्मकार कारागिराकडून घेतलं. आरी कशी धरायची, दोरा किती ओढायचा, सगळं त्याने दाखवलं. पण पातेसाहेबांचा जीव अडकला त्याच्या रापीत. चामडं कापायची ती बुटकी, रुंद, पुढे गोलसर पातीची सुरी, मूठ काळी पडलेली, पाती घासून घासून निम्म्यावर आलेली. पातेसाहेबांनी तिच्या बदल्यात आपली सर्वांत देखणी सुरी देऊ केली. कारागिराने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, मूठ अंगठ्याने चोळली. मग पायाखाली एक चामडं धरलं आणि सुरी त्यावर चालवली. थोडा वेळ काही बोलला नाही.

"साहेब, दिसायला लई झाक आहे. पण ही चामडं कापत नाही, चामड्यावरून हिंडते."

सुरी परत दिली आणि रापी दगडावर दोनदा फिरवून पुन्हा कामाला लागला. रापी कुणी केली हे पातेसाहेबांनी विचारलं. कुणा घिसाड्याने, कमानीच्या पाट्यातून. किंमत ऐकून पातेसाहेब गप्प झाले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आपल्या सगळ्या सुऱ्यांचे कोन पुन्हा घासले. कारागिराची रापी कापते म्हणजे तिचा अँगल वेगळा आहे, एवढाच त्यांनी त्यातून काढलेला अर्थ. माझ्या मते अर्थ वेगळा होता, पण डाव्या हाताला अजून थोडे केस असल्यामुळे मी बोललो नाही.

घरात भाजी कशाने चिरतात? विळीने. सौभाग्यवतींची विळी माहेरची आहे, पुढे नारळ खवायचा चांद असलेली, आणि तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी मायक्रॉनमध्ये मोजलेलं नाही. एकदाच, पातेसाहेबांच्या आग्रहाखातर, त्यांनी कैरी त्यांच्या सुरीने चिरली.

"अहो, कैरी काळी पडली."

"कैरी नाही गं, पात्याला पटिना चढतोय. कार्बन स्टीलला आम्ल लागलं की चढतो. त्याने पातं पुढे फारसं गंजत नाही."

"म्हणजे गंजच ना?"

"गंज नव्हे, पटिना. तो चांगला असतो."

"मग लोणच्यात घाला तुमचा पटिना."

स्टेनलेसची करा की, असं कुणी सुचवलं तर ते दुखावतात. स्टेनलेसला जीव नसतो म्हणे. ज्याला जीव आहे त्याला लिंबू चालत नाही, कांदा चालत नाही, ओला हात चालत नाही, रात्रभर बेसिनमध्ये राहिलेलं तर मुळीच चालत नाही. स्वयंपाकघरात ज्या ज्या गोष्टी असतात त्या सगळ्यांपासून दूर ठेवायची अशी ती स्वयंपाकाची सुरी असते.

तरी वर्षातून एक दिवस त्यांचा असतो. खंडेनवमी. नवरात्रातल्या नवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा. पातेसाहेब पाट मांडतात, पाटावर लाल कापड, कापडावर लहानापासून मोठ्यापर्यंत सुऱ्या, शेजारी कानशी, ग्राइंडर, हेअर ड्रायर. आणि मग दरवर्षीचं भांडण. हळदकुंकू ओलं असतं, त्याने रात्रीत पात्यावर ठिपके पडतात. पातेसाहेब आधी तेलाचं बोट फिरवून घ्या म्हणतात. सौभाग्यवती म्हणतात, देवाला तेल लावलेलं कुंकू चालतं का? शेवटी तडजोड अशी: हळदकुंकू मुठीला. पात्याला नुसतं फूल, आणि तेही झेंडूचं नको, ओलं असतं. मध्यभागी मात्र विळी. तिच्या पात्याला हळदकुंकू, अक्षता, वर झेंडू, आणि आजपर्यंत तिला काही झालेलं नाही.

पोलीस प्रकरण थोडक्यात. हे शहर शस्त्रांच्या बाबतीत हळवं आहे. 2018 मध्ये ऑनलाइन मागवलेल्या तलवारींची पार्सलं पोलिसांनी इथे पकडली होती, आणि कोयता घेऊन रील टाकणारी पोरं उचलल्याच्या बातम्या आजही येतात. त्यामुळे पातेसाहेबांच्या भिंतीवर शस्त्र नियमांतला तो मजकूर लॅमिनेट करून लावलेला आहे: 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा, त्यातून घरगुती, शेती, उद्योगाच्या कामाची वगळलेली. त्यांचं एकही पातं सात इंचांपुढे जात नाही. कॉलनीतलं एक पोरगं एकदा रीलसाठी सुरी मागायला आलं. पातेसाहेबांनी त्याला एक कानस आणि पट्टीचा तुकडा दिला आणि म्हणाले, "आधी ही सपाट कर. झाली की ये." ते पुन्हा आलं नाही. पोलिसांपेक्षा हा उपाय स्वस्त आहे असं माझं मत.

पोलीस मात्र आला. कुणीतरी तक्रार केली असावी. कुरडयांकडे बोट दाखवायला नको. त्याने सगळं पाहिलं, पट्टी घेऊन मोजलं, लॅमिनेट वाचलं, चहा घेतला. जाताना घुटमळला. "काका, आमच्या घरच्या विळीला जरा धार..." पातेसाहेबांनी विळी आणायला सांगितली. झाली चूक. विळी हातात आल्यावर त्यांना ती साध्या धारेने भागणारी वाटली नाही. पोलाद कुठलं आहे, पाणी कितपत दिलंय, पुन्हा विझवावी का. विळी तीन आठवडे गच्चीवर. दर दोन दिवसांनी पोलीस शिपाई गणवेशात जिना चढून वर जायचा, हात हलवत खाली यायचा. सोसायटीत सगळ्यांना खात्री झाली की पातेसाहेबांवर पाळत आहे.

जंगलात न्यायची म्हणून त्यांनी एक खास सुरी केली होती. जाड पाठीची, लाकूड फोडता येईल अशी, पाठीवर गारगोटी घासून ठिणगी पाडायची सोय. शिवणीचं म्यान, बेल्टला लोंबतं. सगळे मिळून म्हैसमाळला सहलीला निघालो, दिवस ऑक्टोबरचे. दौलताबादच्या उतारावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, त्यांत सीताफळं. गाडी थांबली, पातेसाहेब उतरले, म्यानाचं बटण उघडलं. सीताफळ पिकलेलं होतं. ते हाताने दाबलं की उघडतं. सगळ्यांनी खाल्लं, बिया थुंकल्या, बोटं चाटली. पातेसाहेबांनी बटण लावलं. त्या सहलीत त्या सुरीने चिवड्याचं एक पाकीट उघडलं, तेही आधी दाताने थोडंसं फाटलेलं.

साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै 2024 मध्ये लंडनची वाघनखं मांडली, तेव्हा ते मुद्दाम तिकडे गेले होते. रांगेतले लोक हात जोडून जयजयकार करत पुढे सरकत होते. हे काचेला नाक लावून नखं पट्टीला कशी जोडलीत ते पाहत राहिले. मागच्यांनी ढकललं तेव्हा हलले. परत आल्यावर जोडाचं चित्र काढून मला दाखवलं. चित्र चांगलं होतं.

एवढ्या सुऱ्यांचं करतात काय? विकत नाहीत. विकल्या की टूलरूम होईल म्हणतात. भेट देतात. वास्तुशांत, बारसं, साठीशांत, कुठेही बोलवा, पाकिटाऐवजी म्यान घेऊन येतात. सुरी भेट दिली की नातं तुटतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून ते यजमानाकडून तिथल्या तिथे एक रुपया मागून घेतात, म्हणजे ती भेट राहत नाही, विक्री होते. ज्या लग्नात यजमान आहेराच्या पाकिटांवर एक रुपया चिकटवलेला पाहतो, तिथे हे गृहस्थ उलटा एक रुपया घेऊन घरी जातात. माझ्याकडेही त्यांची एक आहे. कपाटात आहे. मोडेल म्हणून नव्हे, पण कांदा चिरायला काढली तर ते विचारतील आणि मी खोटं बोलू शकणार नाही.

तेव्हा तुमच्या घरी काही कार्य असेल आणि पातेसाहेबांना बोलावणार असाल, तर जरूर बोलवा. माणूस सज्जन आहे, पंगतीला वाढायलाही उभा राहतो. फक्त एक रुपयाचं नाणं खिशात तयार ठेवा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सुरी मिळाली की पात्याला तेलाचं बोट फिरवून कापडात गुंडाळून ठेवा. म्यानात ठेवू नका. चामडं हवेतला ओलावा धरून बसतं आणि आतल्या आत गंज चढतो. हे त्यांनीच सांगितलं आहे, म्यान हातात देताना.